शेवटच्या यादीतला पहिला

डिसेंबर आला की लोवेल प्रूसाकचे कान किटायचे. सव्वीस वर्षे तो मिलवॉकीच्या साप्ताहिकात वर्षातल्या दहा उत्तम रेकॉर्डची यादी देत होता, आणि दहा निवडायच्या म्हणजे चारशे ऐकायच्या. जानेवारीत तो हौसेने ऐके, जूनमध्ये पगार मिळतो म्हणून ऐके, आणि ऑक्टोबरनंतर खरकटी भांडी उपसावीत तशा एकामागून एक उपसत राही.

यंदाची यादी शेवटची होती. संपादकाने फोनवरच सांगून टाकले होते की जानेवारीपासून सदर बंद. काय ऐकायचे ते आता लोकांना त्यांचा फोनच सांगतो. लोवेलला याचे वाईट वाटायला हवे होते. ते वाटले नाही, याचेच त्याला जरा वाईट वाटले.

खरे सांगायचे तर यादीवरचा त्याचा स्वतःचा विश्वास कधीच उडाला होता. पहिली आणि चौथी यांत फरक काय, हे त्याला कुणी शपथेवर विचारले असते तर तो गप्प बसला असता. उडदामाजी काळेगोरे काय निवडायचे? एकदा तर छापायला देताना तिसरी आणि सहावीची त्याने कॉफी संपेपर्यंत अदलाबदल करून ठेवली होती, आणि मग कोणती कुठे होती हेच त्याला आठवेना. पण लोक विश्वास ठेवत. शेजारच्या वॉवाटोसा गावातला एक दाताचा डॉक्टर दरवर्षी दहाच्या दहा विकत घेई आणि दहावीपासून सुरुवात करून क्रमाने पहिलीपर्यंत चढत जाई. मधली एक दुकानात संपलेली असली तर ती येईपर्यंत तो पुढची ऐकत नसे. अशा माणसाला काय सांगायचे?

तरीही शेवटच्या यादीत एक तरी नंबर खरा असावा, असे लोवेलला फार वाटत होते. गेली सात-आठ वर्षे पहिला नंबर त्याने डोक्याने काढला होता. ही महत्त्वाची आहे, ही धाडसी आहे, असे म्हणत. पोटातून आलेला एकही नव्हता. आपले कान मेले की काय, अशी त्याला मनातून भीती होती, आणि ती त्याने कुणालाही सांगितली नव्हती.

म्हणून ऑक्टोबरात ती पांढऱ्या पाकिटातली रेकॉर्ड आली तेव्हा त्याला आधी खरेच वाटेना. पाकिटावर अक्षर नाही, रेकॉर्डच्या मधल्या कागदावर अक्षर नाही, आत फक्त एक चिठ्ठी: कॉरिन बास्टियन, आठ गाणी, खाली फोन नंबर. त्याने ती लावली आणि भांडी पुसायला गेला. आतून एक जड, खोल आवाज आला. बाईचा की पुरुषाचा तेही नक्की कळेना. गिटार पाय ओढत चालली होती. खिडकीवरचे बर्फ खरवडण्याबद्दल एक गाणे होते, त्यात प्रत्येक शब्द जागचा उचलायलाही त्या आवाजाला कष्ट पडत होते. लोवेल हातात फडके घेऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि रडला. नंतर त्याने ती अकरा वेळा ऐकली. पहिल्या नंबरचा प्रश्न मिटला होता, आणि डोक्याला एकदाही विचारावे लागले नव्हते.

पहिल्या नंबरवाल्याला आधी स्वतः फोन करायचा, ही त्याची रीत. यंदा फोन उचलला तो बसच्या यार्डातून. कॉरिन शाळेची बस चालवत असे.

"कोण? कुठला पेपर?" ती म्हणाली. मग बराच वेळ मागे नुसती इंजिने ऐकू येत राहिली. "फोन ठेवू नका हं. परत एकदा सांगा बरं, मी स्पीकरवर टाकते."

तिचा आवाज त्याला बारीक वाटला. पण फोनवर सगळ्यांचाच वाटतो.

दुसरी रीत म्हणजे सोमवारचा फोटो. मंगळवारी दुपारी यादी छपाईला जाई, म्हणून सोमवारी पहिला नंबरवाला व्हर्लीन टब्जच्या दुकानात येई, आणि काचेत रेकॉर्ड मांडून तिथे फोटो काढला जाई. व्हर्लीन लोवेलची तीस वर्षांची मैत्रीण, आणि तिला त्याच्या यादीचे अजिबात कौतुक नव्हते. ती स्वतः नंबर देत नसे. रेकॉर्डला चिठ्ठ्या लावी: 'इस्त्री करताना'. 'घटस्फोटाच्या दुसऱ्या वर्षासाठी, पहिल्या नाही'. 'सासू घरात असताना लावू नये'.

"हे दुकान आहे की औषधालय?" लोवेल दरवेळी म्हणे.

"तुझ्या यादीत नंबर असतात," ती म्हणे, "माणसं कुठे असतात?"

सोमवारी साडेचारला कॉरिन आली. पन्नाशीची, ठेंगणी, अंगात यार्डाचे पिवळे जाकीट, बुटांना बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ. एका हातात बेकरीतून आणलेला, अक्रोडासारखे पेकन घातलेला गोल क्रिंगल केक, दुसऱ्या हातात काचेत ठेवायला आपली रेकॉर्ड. हिच्या पाकिटावर मात्र नाव होते, तिचा फोटो होता, सगळे होते.

"मिस्टर प्रूसाक तुम्हीच ना?" ती म्हणाली. "यार्डात सगळे विचारतायत, पहिला म्हणजे नक्की कशात पहिला. मी म्हटलं, मलाही माहीत नाही, जाऊन विचारते."

"आधी खाऊ या," व्हर्लीन म्हणाली. तिने सुरी काढली, आणि लावायला म्हणून ती नवी रेकॉर्ड पाकिटातून बाहेर घेतली. पाकिटाच्या मागे वाचून तिने प्लेअरचे बटण फिरवले आणि पिन ठेवली.

दुकानात एक चटपटीत, खेळकर गाणे सुरू झाले. ड्रम उड्या मारत होते. बारीक, स्वच्छ आवाजात एक बाई भरभर गात होती. कॉरिनचा बूट फरशीवर ठेका धरू लागला.

लोवेल सौजन्याने हसला. "छान आहे. कुणाचं?"

कॉरिनही हसली. थट्टा आहे असे तिला वाटले. मग आवाज खिडकीवरच्या बर्फापाशी आला, आणि लोवेलच्या हातातला क्रिंगलचा तुकडा हातातच राहिला. शब्द तेच होते.

व्हर्लीनने त्याच्याकडे पाहिले, बटणाकडे पाहिले. तीस वर्षे रेकॉर्ड विकलेल्या बाईला आणखी काही सांगावे लागत नाही.

"लोवेल," ती हळूच म्हणाली, "तू ही कितीवर ऐकलीस रे?"

मोठी रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांचा वेग. लोवेलच्या घरचे बटण दहा वर्षांत हलले नव्हते. क्वचित एखादी मोठी रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावायची असते, आणि ते पाकिटावर छापलेले असते. पांढऱ्या पाकिटावर काहीच नव्हते. पण ज्याच्या कानांवर विसंबून गाव रेकॉर्ड विकत घेते, त्याच्यासाठी ते छापावे लागू नये. त्याला इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

खोटे बोलता आले असते. व्हर्लीनने आयुष्यात कधी तोंड उघडले नसते.

"तेहतीसवर," तो म्हणाला. "कॉरिन, मी तुमची रेकॉर्ड चुकीच्या वेगानं ऐकली. अकरा वेळा."

कॉरिनचा बूट थांबला. "म्हणजे हळू?"

"फार हळू. आणि ती ऐकून तुम्हाला पहिला नंबर दिला."

तिने प्लेअरकडे पाहिले. मग म्हणाली, "ऐकवा."

"राहू दे गं," व्हर्लीन म्हणाली.

"नाही, ऐकवा ना. पहिली काय आहे ते मला कळू दे."

व्हर्लीनने बटण फिरवून पिन पुन्हा सुरुवातीला ठेवली. तो जड आवाज आला. पाय ओढणारी गिटार आली. कॉरिनने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत वर ओढली आणि गाणे संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"रे, माझा नवरा, आजारी होता तेव्हा मी हे असंच म्हणायची," ती शेवटी म्हणाली. "पलंग पुढच्या खोलीत आणला होता. सकाळी बस काढायला जायच्या आधी मी त्याच्या खिडकीची काच खरवडायची आणि हे म्हणायची, याच चालीनं, एवढंच हळू. तो गेल्यावर मी दिराला म्हटलं, ड्रम जोरात वाजव, मला हे गाणं पळवायचंय. असंच राहिलं तर मला पाच वाजता उठताच येणार नाही. पळवायला दोन वर्षं लागली, मिस्टर प्रूसाक. आणि तुम्ही घरी बसून ते जिथं होतं तिथं परत नेऊन ठेवलंत."

लोवेलने हातातला क्रिंगलचा तुकडा खाली ठेवला.

"बरं," ती म्हणाली, "आता खरं सांगा. जशी मी केलीय तशी ती कितवी?"

"कॉरिन, आत्ता एकच गाणं..."

"सव्वीस वर्षं करताय म्हणे. एका गाण्यात कळत असेल की."

त्याला कळले होते. "अडतीस," तो म्हणाला. "चाळीसच्या आसपास."

"लोवेल," व्हर्लीन म्हणाली.

"तिनं विचारलं."

"कितीतून?" कॉरिनने विचारले.

"चारशे बारा."

तिने मान हलवली. अडतीस तिला बहुतेक लागले नाही, किंवा लागले असेल तर तिने दाखवले नाही. "पहिला नको असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "हवाच होता. यार्डात सांगून बसलेय, आता उद्या तोंड लपवत जायचं. पण तो नंबर माझ्या गाण्याला नाही मिळालेला. तुम्ही दमलात. तुम्हाला तुमच्याएवढं दमलेलं काहीतरी सापडलं, आणि तुम्ही त्याला पहिला नंबर दिलात."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. ती ते बसमधल्या आजारी पोराशी बोलावे तसे म्हणाली.

निघताना तिने एकच मागितले. "ती पांढऱ्या पाकिटातली मला परत द्या. आणि दुसरी घेतलीत तर ती हळू लावू नका. ते दिवस दुसऱ्या कुणाच्या घरात वाजलेले मला नकोत."

पांढरे पाकीट फोटोसाठी त्याने पिशवीतून बरोबर आणलेच होते. कित्येक वर्षांत फक्त त्याच रेकॉर्डने त्याला रडवले होते. त्याने ती काढून तिला दिली. नाव असलेली तिने विकायला व्हर्लीनकडेच ठेवली.

मंगळवारी सकाळी त्याने पहिला नंबर काढून टाकला, बाकीच्या नवांना एकेक पायरी वर चढवले आणि दहाव्या जागी कुणालाच घेतले नाही. खाली नंबर न घालता त्याने लिहिले: 'कॉरिन बास्टियन. ज्यांना पाच वाजता उठून काच खरवडायची आहे त्यांच्यासाठी. पंचेचाळीसवरच लावा. मी चुकून हळू ऐकली आणि तिला पहिला नंबर देणार होतो. बाईंनी तो घेतला नाही.' पुढे आणखी चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या.

"नऊच?" संपादकाने विचारले.

"नऊच."

"दाताचा डॉक्टर फोन करेल हं."

"करू दे. तो फोन आता तुला येणार."

घरी जाताना तो व्हर्लीनकडे थांबला आणि पाकिटावर नाव असलेली ती रेकॉर्ड घेतली. व्हर्लीनने तिला आधीच चिठ्ठी लावली होती, पण ती विकताना तिने काढून खिशात टाकली. काय लिहिले होते ते त्याने विचारले नाही.

जेवण झाल्यावर त्याने प्लेअरचे बटण पंचेचाळीसवर नेले. दहा वर्षांत न हललेले ते बटण जरा अडकले, मग फिरले. चटपटीत गाणे सुरू झाले. त्याने पहिली बाजू ऐकली, दुसरी ऐकली, पुन्हा पहिली लावली. आवाज स्वच्छ होता, ड्रम नेटके होते. खिडकीवरच्या बर्फापाशी त्याला आतून काहीच झाले नाही. अजूनही ती अडतिसावीच होती.

बटण हाताच्या अंतरावर होते. घरात दुसरे कुणी नव्हते, आणि कॉरिनला कधीच कळले नसते. लोवेलने दोन्ही हात खिशात घातले आणि बाजू संपेपर्यंत तो तसाच प्लेअरजवळ उभा राहिला.