अर्ध्या घरपट्टीचा मोठेपणा

माझा धाकटा भाऊ भैय्यालाल सरकारी कागदावर माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठा आहे. जन्मभर मला हे टोचलं नाही. यंदा टोचलं, कारण आमच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला: वय सत्तर पूर्ण, उत्पन्न कमी आणि घर स्वतःच्या नावावर, त्याला घरपट्टी अर्धी. भैय्यालालला सूट मिळाली. मला नाही.

चूक गुरुजींची. मी त्याच्याहून दीड वर्षानं मोठा, पण तापानं खंगलेला, बुटका. दोघांना एकाच दिवशी शाळेत नेलं. तेव्हा जन्मतारखा कोणाकडे होत्या? डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोरगा सहा वर्षांचा. भैय्यानं कान धरला, माझा हात टाळूवरच अडला. गुरुजींनी त्याला सहा लिहिलं, मला पाच. त्यावरून धरलेली तारीख पुढे आधार कार्डावर चढली.

"नत्थूकाका, एकच वर्स तं आहे," ग्रामसेवक मंगेश म्हणाला. "पुढच्या साली तुमालेबी भेटते सूट."

"पैशासाठी नाही भांडून राहिलो मी! लहान भाऊ मोठा बनून सूट खाईल, अन मी लहान बनून पूर्ण भरू? काहून?"

मंगेशनं डोकं खाजवलं. "मंग मायनं, नाही तं भावानं ग्रामसभेत लिहून द्याव, का तुमीच मोठे."

माय नव्वदीची, सकाळी काय जेवली ते तिला दुपारी आठवत नाही. शिवाय ती राहते भैय्यालालकडे. म्हणजे उरला भैय्यालालच, आणि त्याच्याशी मी अकरा वर्षं बोललो नव्हतो. वाटणीत त्यानं अड्याळच्या रस्त्यावरचं पक्कं घर घेतलं, मला तलावाकडचं कौलारू ठेवलं. आमच्या घराण्यात रीतच आहे, वाटे मोठ्यानं पाडायचे आणि हवा तो वाटा घ्यायची पहिली उचल लहान्याची. रीत असेल, पण माणसाला काही लाज असते की नाही?

ग्रामसभेत मंगेशनं सगळ्यांदेखत विचारलं, "भैय्यालालजी, दोघांत मोठं कोन?"

तो खर्रा चघळत म्हणाला, "कागद पाहा ना. मी मोठा."

लोक हसले. माझं डोकं सणकलं.

"लिहून घे, मंगेश! हा मोठा, मी लहान. मंग वाटनीत पयली उचल माही होती. रस्त्यावरचं घर आजच खाली कर म्हनाव याले!"

भैय्यालालचा जबडा चालायचा थांबला. मागून त्याच्या पोरानं, भुपेंद्रनं, त्याचा सदरा ओढला.

"नत्थू मोठा आहे," भैय्यालाल पुटपुटला.

"जोरानं बोल!" मी ओरडलो.

"नत्थू मोठा आहे! दीड वर्सानं!"

त्यानं सही अशी दाबून केली की कागदाला भोक पडलं. मंगेशनं माझी सूट मंजूर केली. मी छाती काढून घरी आलो आणि उषाबाईला, माझ्या बायकोला, सगळा प्रकार दोनदा सांगितला. तिनं चहा ठेवला.

चहा व्हायच्या आत भैय्यालाल आणि भुपेंद्र खाट उचलून दारात आले. खाटेवर माय होती, पायाशी गोधडी आणि औषधांची पिशवी.

"दादा," भैय्यालाल म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला दादा म्हटलं, आणि त्यापेक्षा शिवी परवडली असती. "तू मोठा. साऱ्या गावासमोर सही करून देली. माय मोठ्यापाशी राहाते. ठेव."

"अरे, पन असं अचानक..."

"तेबी लिहून देऊ का?"

मला राग आला होता, पण लाज त्याहून जास्त वाटत होती. अकरा वर्षांत मी तिला एकदाही घरी आणलं नव्हतं. भावाचं तोंड पाहायचं नाही, या हट्टात मायचंही पाहिलं नव्हतं. ओसरीत खाट टेकवून ते दोघं फाटकाकडे निघाले. माय उठून बसली. तिनं कौलांकडे पाहिलं, उषाबाईकडे पाहिलं.

"हे कोनाचं घर आहे?"

"माहं, माय. मी नत्थू. तुहा मोठा पोरगा."

तिनं मान हलवली आणि फाटकाकडे बोट केलं.

"माहा मोठा तं थो चालला," ती म्हणाली. "त्याले बलाव. मले भूक लागली."