परातीवरचं आकाश

गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये देवव्रतने लॅपटॉपवर व्हिडिओ लावला आणि सगळे ‘वॉव’ म्हणाले. बर्फाचे डोंगर, वर ताऱ्यांचा सडा, आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे असा संथ सरकतोय, जणू कोणी झोपेत मान वळवतंय. यंदाच्या गॅदरिंगचा विषय होता ‘आमचं आकाश’. पडदा उघडायच्या आधी हाच व्हिडिओ लावायचा, हे दहावीच्या देवव्रतने ठरवूनच टाकलं होतं.

“पण हे आमचं कुठंय?” मागच्या बाकावरून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. गंधाली परब, नववी ब. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘यस मॅडम’सुद्धा शेजारणीकडून म्हणवून घेणारी मुलगी. पण जूनमध्ये एकदा तिला प्रार्थनेच्या वेळी माइकवर बातम्या वाचायला उभं केलं. आपलाच आवाज सगळ्या मैदानावर घुमलेला तिने ऐकला, तिला तो फारच आवडला, आणि तेव्हापासून तिने तो खाली म्हणून ठेवलाच नव्हता.

“मग काय विक्रोळीचं आकाश दाखवू?” देवव्रत म्हणाला. “धूर आणि विमानं?”

हशा पिकला.

“तारे पण दिसतात. आमच्या गच्चीवरून मृग नक्षत्र दिसतं रोज.”

“दिसत असेल गं. पण कॅमेरा असा फिरवायला मोटरवाला माउंट लागतो. हाताने नाही जमत ते. आहे तुझ्याकडे?”

खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. “होईल,” गंधाली म्हणाली.

नाटकाच्या कागदांतून मान वर न करता मॅडम म्हणाल्या, “शुक्रवारी घेऊन ये. चांगला निघाला तर तुझा. नाहीतर बर्फ.”

“तुझी वाट लागली,” चाळीचा चढ चढताना प्रांजल म्हणाली. प्रांजल म्हणजे शेजारच्या खोलीतली, बालवाडीपासूनची मैत्रीण. “शुक्रवार म्हणजे कधी माहितीये ना? आज सोमवार आहे.”

“माहितीये.”

“मग हसतेस काय?”

“कारण आपला व्हिडिओ लागणार आहे,” गंधाली म्हणाली. तिला हे सगळं स्पष्ट दिसत होतं, फक्त माउंट तेवढा दिसत नव्हता.

टाइम-लॅप्स तिला येत होतं. मोबाइल दर काही सेकंदांनी एक फोटो काढतो, मग ते फोटो भराभर पळवले की तासाभराचं आकाश अर्ध्या मिनिटात सरकून जातं. बाबांच्या जुन्या मोबाइलला एवढं जमायचं. अडलं होतं फिरण्यावर. गच्चीवरून डावीकडे पवईचे टॉवर, समोर डोंगरउतारावरचे पत्रे, आणि उजवीकडे हायवेच्या पलीकडे खाडी, जिथे रात्री काळोखाचा एक पट्टा उरतो. त्या पट्ट्यातून मृग वर येतं. कॅमेऱ्याने टॉवरपासून निघून खाडीवर पोचायचं, एवढंच. तासाभरात अर्धं वर्तुळ. इतकं हळू फिरणारं घरात असतं काय?

“घड्याळ,” प्रांजल म्हणाली.

“काट्यावर मोबाइल ठेवू?”

“मग पंखा. एकवर.”

“तू गप्प बस यार,” असं म्हणत गंधालीने वर पाहिलं, आणि तिची नजर पंख्यावरून माळ्यावर गेली. माळ्यावर खोका होता. खोक्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं: गणपती डेकोरेशन.

त्यात बाप्पाच्या डोक्यामागे फिरणारं सोनेरी चक्र होतं. आणि चक्रामागे मोटर.

“हात लावलास तर बघ!” आई ओट्याजवळून ओरडली. “बाप्पाचं आहे ते.”

“आई, बाप्पा गेला गावाला. चक्र बिचारं इथे रिकामं बसलंय.”

“भाद्रपदात जसंच्या तसं हवं मला. एक टिकली कमी झाली तरी तुला मखरात बसवीन.”

हे आईच्या भाषेत ‘हो’ होतं. मग गंधाली सुटलीच. समोरच्या जानकी काकू घरी केक करून विकायच्या. केकला क्रीम लावायचं गोल फिरतं स्टँड त्यांच्याकडून आणलं. त्यावर आईची सगळ्यांत मोठी परात चिकटपट्टीने बसवली. परातीच्या मधोमध शाडूच्या मातीचा गोळा, त्यात मोबाइल उभा. मोटरचा वेग कमी करायला बंद पडलेल्या प्रिंटरमधली दात्यांची चाकं एकात एक अडकवली. मंगळवारी संध्याकाळी खोलीत बटण दाबलं आणि परात, देवाशपथ, गोगलगाईसारखी उजवीकडे सरकायला लागली. प्रांजल आणि गंधालीने असा काही नाच केला की खालच्या खोलीतून काठीने छत ठोकलं गेलं.

जेवणं झाल्यावर दोघी सगळं गच्चीवर घेऊन गेल्या. पाण्याच्या पंपाच्या बोर्डातून वायर ओढली, टॉवरच्या दिशेने मोबाइल लावला, बटण दाबलं. मोबाइलसमोर सावली नको म्हणून लांब कठड्याला टेकून बसल्या. तासाभराने व्हिडिओ लावून बघितला.

टॉवर दिसले. मग कॅमेरा डावीकडे निघाला. टाकी. टाकीमागची भिंत. जानकी काकूंच्या नाइट्या, वाऱ्यावर पिसाटल्यासारख्या. आणि शेवटी, अगदी मानाने, मधोमध, संडासाच्या दारावरची ट्यूबलाइट.

प्रांजल हसून हसून जमिनीवर बसली. “आमचं आकाश!”

“वायर उलटी लागली असेल,” गंधाली दात-ओठ खात म्हणाली.

बुधवारी तिने पिन उलटी घालून पाहिली. खोलीत परात उजवीकडे गेली. वर नेली. डावीकडे. खाली आणली. उजवीकडे. पुन्हा वर. आता गंधालीचं डोकं सटकलं.

“तू हात लावलास ना?”

“मी?” प्रांजल म्हणाली. “मी कशाला लावू?”

“कालपासून तुला नुसता जोक झालाय. इथे माझी इज्जत पणाला लागलीये.”

प्रांजल उठली. “तुझा तो नवा आवाज आहे ना, गंधे, तो लोकांवर ओरडायला नाही मिळालेला तुला,” असं म्हणून ती जिना उतरून गेली.

गंधाली घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. रडण्याचा विचार केला, पण त्यात वेळ गेला असता. मोबाइलमध्ये जागा संपत आली होती, ती करू म्हणून जुने व्हिडिओ पुसायला घेतले. वाढदिवसाचे गेले. मांजराचे गेले. मग गणपतीचे आले.

पहिल्या दिवशीची आरती. बाप्पाच्या मागे चक्र घड्याळाच्या काट्यासारखं फिरतंय. दुसऱ्या दिवशीची. आरतीच्या मधोमध चाळीचा फ्यूज उडाला, अंधार, पण टाळ्या थांबल्या नाहीत, बाबांचा आवाज उलट चढलाच. मग लाइट आली, सगळे ‘मोरया’ ओरडले, आणि चक्र फिरायला लागलं.

उलटं.

गंधाली ताडकन उठून बसली. पुन्हा बघितलं. मग पाचही दिवसांच्या आरत्या बघितल्या. कधी उजवं, कधी डावं. बटण दाबलं की ती मोटर मनाला येईल तिकडे वळायची, आणि एकदा वळली की तिकडेच फिरत राहायची. इतकी वर्षं अख्खं घर चक्रासमोर हात जोडून उभं होतं, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? बाप्पाला दोन्ही बाजू सारख्याच.

ती तडक प्रांजलच्या दारात गेली.

“तू हात नव्हता लावलास.”

“मला माहितीये.”

“सॉरी.”

“ऐकू नाही आलं. माइकवाल्या आवाजात बोल.”

“सॉरी!” गंधाली इतक्या जोरात ओरडली की चाळीतली दोन दारं उघडली.

“हां. आता ये आत,” प्रांजल म्हणाली. पण रुसवा थोडा शिल्लक होता, म्हणून ती ऐकता ऐकता ओढणीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसली. गुंडाळला, सोडला, मग उलट्या बाजूने गुंडाळला.

गंधाली मोटरबद्दल सांगता सांगता थांबली. “परत कर.”

“काय?”

“ते दोऱ्याचं. इकडून गुंडाळ. आता तिकडून. प्रांजे! बोट कुठेही वळव, दोरा आखूडच होतोय!”

गुरुवारी शाळेतून आल्याआल्या दात्यांची चाकं कचऱ्यात गेली. बाबा रविवारी खाडीवर गळ टाकायला जायचे, त्यांच्या रिळातली नायलॉनची बारीक दोरी गंधालीने परातीच्या काठाभोवती गुंडाळली. दोरीचं दुसरं टोक मोटरच्या दांड्याला पक्क्या बसवलेल्या दाभणाला बांधलं. आता मोटर उजवीकडे फिरो की डावीकडे, दाभणावर दोरी गुंडाळली जाणार, आणि परात ओढली जाणार एकाच बाजूला, खाडीकडे. दाभण इतकं बारीक, की वेगही गोगलगाईचा. पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहिलं. परात एकदाही चुकली नाही.

आठच्या सुमाराला गच्चीवर सगळं मांडलं. थंडीचे दिवस, हवा जरा स्वच्छ. खाडीवर मृगाचे तीन तारे, बाणासारखे उभे. बटण दाबलं. दोरी ताठ झाली. परात निघाली.

अर्ध्यावर येईपर्यंत दोघी श्वास रोखून बसल्या होत्या. आणि तेवढ्यात, खाली जानकी काकूंनी कोणाच्या तरी बारशाचा केक ओव्हनमध्ये घातला, त्याच वेळी कोणी गीझर लावला, आणि फट् आवाज होऊन अख्खी चाळ अंधारात गेली.

परात थांबली.

“मेलो,” प्रांजल म्हणाली. “थांब, येईल लाइट. कोणीतरी फ्यूज घालेल.”

गंधालीचं डोकं मात्र पुढे पळालं होतं. लाइट आली की मोटर पुन्हा मनाला येईल तिकडे वळणार. उलटी वळली तर आतापर्यंत गुंडाळलेली दोरी आधी सगळी सुटणार, आणि तोवर परात ढिम्म. मोबाइल मात्र बॅटरीवर टिकटिक फोटो काढत होता. उद्या शुक्रवार.

तिने वर पाहिलं. गॅलरीतल्या ट्यूबलाइटींचा तो दुधाळ उजेड गेला होता. मृगाच्या खाली व्याधाचा तारा लखलखत होता, आणि आजूबाजूला कितीतरी बारके तारे, जे गंधालीने स्वतःच्या गच्चीवरून जन्मात पाहिले नव्हते.

“पिन काढ,” ती म्हणाली.

“काय?”

“मोटरची पिन काढ. लाइट आली तरी ती फिरायला नको. मी ओढते.”

तिने परात हलू न देता, अंधारात चाचपडत दोरी दाभणापासून कापली आणि बोटात धरली. ओढायची खरी, पण किती? मोटरला वेग होता, बोटांना काय?

जिन्यातून बॅटरीचा झोत आला. मागून बाबा. “गो बाय, खंय आसस? काळोखात काय करतंस?”

“बाबा, बॅटरी बंद करा! आधी बंद करा!”

मुलीचा असा हुकूम बाबांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांनी मुकाट्याने बॅटरी बंद केली. “झाला काय पण?”

“टाळ्या वाजवा. आरतीसारख्या. संथ, पहिल्या आरतीच्या.”

“आता? हय?”

“बाबा, प्लीज. थांबायचं नाही.”

बाबांनी वाजवायला सुरुवात केली. आठ टाळ्या, तिळाएवढी दोरी. आठ टाळ्या, तिळाएवढी दोरी. गंधाली गुडघ्यांवर बसली होती. पाठ भरून आली, मग गुडघे बधिर झाले. डासांना तर जत्राच लागली. हात हलवणं शक्य नव्हतं, म्हणून प्रांजल तिच्या पायांवरचे डास टिपत होती, आणि बऱ्यापैकी सूड घेऊन टिपत होती.

“जरा हळू मार ना!”

“ओरडली होतीस ना काल? सहन कर.”

खालून जानकी काकूंचा आवाज आला, “कसली आरती गं ही, काळोखातली?” कोणी उत्तर दिलं नाही. बाबांची लय चुकली असती. आठ टाळ्या. तिळाएवढी दोरी. गंधालीच्या बोटात दोरी रुतली, तिने बोट बदललं, ताण बदलू दिला नाही. परात खाडीवर येऊन मृगासमोर उभी राहिली तेव्हा कुठे तिने दोरी सोडली, आणि तशीच मागे आडवी झाली. त्यानंतर लाइट आली.

शुक्रवारी कॉम्प्युटर रूममध्ये व्हिडिओ लागला. पवईचे टॉवर. एक विमान, रेघ ओढत गेलेलं. पत्रे, टाक्या, गॅलऱ्यांतला पिवळा उजेड. मॅडम घड्याळ बघत होत्या. मग पडद्यावर अचानक सगळे जवळचे दिवे विझले, आणि वरचं आकाश असं उघडलं, की मॅडमचा हात घड्याळावरच राहिला. काळी खाडी, आणि तिच्यातून तिरपं वर चढणारं मृग.

कोणी ‘वॉव’ म्हणालं नाही.

देवव्रतने व्हिडिओ मागे नेला, परत लावला, थांबवला. “हे बघा मॅडम, इथून जरा थरथरतंय. इथून वेगळीच मोटर वाटते.”

“इथे लाइट गेली,” गंधाली म्हणाली. दोरीचा लाल वण असलेलं बोट तिने पडद्यावर ठेवलं. “इथपर्यंत मोटर. इथून मी.”

देवव्रतने तिच्या बोटाकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. “हाताने?”

“हाताने.”

“देवव्रत,” मॅडम म्हणाल्या, “तो बर्फ काढून टाक.”