आज साडेसात लिवलंय की!

पायलच्या सासूबाई, म्हणजे शालनबाई, एकदा सुरू झाल्या की थांबायच्या नाहीत. "बाईमाणसानं दिवेलागणीला घरात पायजे," हे तर रोजचंच. आणि गेल्या महिन्यापासून एकदम चक्क गोडवा! "पायल, आज कितीला येशील गं? नक्की सांग हां." पायलने सांगितलं, की त्या पेन्सिलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायच्या. सहा पन्नास. साडेसात.

पायलला काही हे पटेना. शुक्रवारी तिला खराडीच्या ऑफिसात सांगायचं होतं, टीम लीड होणार की नाही. झाली, तर आठवड्यातले तीन दिवस घरी यायला नऊ वाजणार. पाच वर्षांच्या लेकीला, मैत्रीला, तोवर शालनबाईच बघणार. आणि त्या तर पुरावा गोळा करत होत्या!

"आई माझी हजेरी घेतायत," ती नवऱ्याला म्हणाली.

"काळजीने विचारत असेल गं," राकेश म्हणाला.

"त्यांना लोणी काळभोरहून आपल्याकडे येऊन दोन वर्षं झाली. काळजी आत्ता बरी सुचली!"

त्यात मैत्रीही फितूर. "दुपारी आजी काय करते?" विचारलं, की ओठ घट्ट मिटून खुदकन हसायची.

गुरुवारी पायलने हाफ डे टाकला आणि न सांगता चार वाजता हडपसरला घरी हजर. दारात चपलांचे सहा जोड, सगळे वीतभर! तिने हळूच कुलूप उघडलं.

आत शालनबाई एका हाताने मांडीवरचं बाळ थोपटत होत्या, दुसऱ्या हाताने मैत्रीला आणि आणखी पाच पोरांना शिरा भरवत होत्या. त्या दचकल्याच.

"आज साडेसात लिवलंय की!"

"ही कुणाची मुलं?"

"बी विंगमधल्या बायांची. त्याबी तुझ्यासारख्या कंपनीत जात्यात. तू यायच्या आत पोरं पोचवायची, म्हणून टाइम लिवते."

"महिनाभर चोरून?"

"मग? राकेश म्हणला असता, या वयात कशाला. तू म्हणली असतीस, फरशी घाण हुतीया." त्यांचा आवाज खाली आला. "मला करमतंय गं यात. बंद कर म्हणू नको."

पायल पोरांशेजारी फरशीवरच बसली. ही बाई आपल्याला घाबरते? आपल्याला?

"आणि मला तीन दिवस नऊ वाजले तर चालेल?" तिने अजून संशयानेच विचारलं.

"चालंल. पर रातचा सैपाक माझ्या गळ्यात न्हाई. राकेशला शिकीव."

पायलने तिथूनच मॅनेजरला फोन लावला.

"हळू बोल!" शालनबाईंनी डोळे वटारले. "आत्ता निजलंय."

मग पायल इतक्या हळू "हो" म्हणाली, की मॅनेजरने दोनदा विचारलं, "मॅडम, हो की नाही?"