तडा अडवणारी कांडी

मित्रांनो, मी एक जुनी कांडी आहे. गॅस पेटवायच्या लायटरच्या पोटात बसते. दिसायला चिनी मातीची, आकाराने नखाएवढी. तुम्ही खटका दाबता, आतली हातोडी माझ्या डोक्यात बसते आणि त्या दणक्यातून मी ठिणगी काढते. मार खाऊन उजेड द्यावा, हा देवाने नेमून दिलेला माझा धर्म. तेव्हा माझी कीव करू नका.

माझ्या आधीच्या कांड्यांत शिसं असे. त्या दणकट होत्या, पण त्यांची पूड चाळता चाळता शिशाचं विष भिनून कारखान्यातल्या मावशींचं मनगट लुळं पडलं. घरी लायटरचा खटकाही दाबवेना. नात दाबून द्यायची. म्हणून तिथल्या संशोधक ताईंनी शिशाशिवाय कांड्या घडवायला घेतल्या. माझ्या थोरल्या बहिणी हातोडीखाली पटापट फुटल्या.

"ताई, बिस्किटं भाजताय का?" कारखान्याचे साहेब म्हणाले. "ही शेवटची भट्टी. फुटली तर पुन्हा शिसं."

"बिस्किटं आमची, तर चहा तुमचा, साहेब," मावशी म्हणाल्या. हसल्या खऱ्या, पण लुळा हात त्यांनी पाठीमागे नेला.

भरड दाण्यांतून तडा सुसाट धावतो, म्हणून ताईंनी पूड आणखी बारीक दळली. तीत झिर्कोनिया नावाच्या पदार्थाचे चिवट कण मिसळले. मावशींनी देवाचं नाव घेत डाव्या हाताने ती चाळली. भट्टीच्या आचेतून मी जन्मले, ती हट्टी होऊनच.

चाचणीच्या यंत्रावर हातोडी पडू लागली. सकाळ गेली, दुपार कलली. आता मन लावून ऐका. मला तडा गेला. काठाशी उगवला आणि आत घुसू लागला. पण तो जवळ येताच झिर्कोनियाचे कण फुगले आणि त्यांनी त्याला दोन्हीकडून आवळलं. इथवर आलास, बाबा, आता पाऊल टाकून दाखव, मी म्हटलं.

साहेबांनी भिंग लावलं. "तडा गेलाय की हिला."

"गेलाय. पण थांबलाय," ताई म्हणाल्या. "ठिणगी बघा."

ठिणगी पहिल्यासारखीच लख्ख होती. साहेबांनी भिंग खाली ठेवलं. सगळ्यांसाठी चहा मागवला.

कारखान्यातलं शिसं बंद झालं. ताईंनी मला लायटरमध्ये बसवून मावशींना दिलं. त्यांच्या मनगटात बळ यायला फार काळ लागला. एका सकाळी नातीने लायटर उचलला, तर मावशी म्हणाल्या, "दे इकडे, बाळा." त्यांनी अंगठा खटक्यावर टेकवला. टक्. शेगडी पेटली.

तडा अजून माझ्यात आहे आणि अजून तिथेच आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पूड चाळणारे हात जपा. मार खायला मी आहे.