बॉनेटवरचं कुंकू

मी एक जुनी, उघड्या टपाची अमेरिकन मोटार आहे, आणि खोटं कशाला बोलू, थोडी आढ्यताखोरही आहे. मित्रांनो, डेट्रॉइटच्या कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं आणि रस्ते ऐसपैस. आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन, लोण्यासारखा पिवळा रंग आणि मागे घडी होऊन बसणारं कापडी छत. माझ्यासारख्या थोड्याच निघाल्या. वेगाची हौस असणाऱ्यांना पक्कं छत हवं असायचं, आणि उन्हात मिरवणाऱ्यांना एवढी ताकद झेपायची नाही.

विम नावाच्या डच शेतकऱ्याने मला बोटीने रॉटरडॅमला आणलं. त्याचं गाव दक्षिणेकडच्या ब्राबांत प्रांतातलं, गाईगुरांचं. रस्ता इतका अरुंद, की समोरून दुधाचा टँकर आला की मला कुणाच्या तरी अंगणात शिरावं लागे. सायकलवाले मला मागे टाकून जात आणि वर हातही हलवत. तरी ते दिवस सुखाचे. रविवारी विम आणि त्याची बायको ट्रूस मला समुद्रावर नेत. कार्निव्हलच्या मिरवणुकीत पोरं माझ्यावर रंगीत कागदांचे कपटे उधळत, आणि मी फुशारून हळूहळू चाले.

मग विम गेला. ट्रूसने माझ्यावर ताडपत्री टाकली आणि गोठ्याशेजारच्या वखारीचं दार लावून घेतलं. ते सव्वीस वर्षं उघडलं नाही म्हटलं तरी चालेल. कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली, उंदरांनी वायरी कुरतडल्या. मला राग यायचा, पण काढणार कुणावर?

त्याच प्रांतातल्या फेल्डहोवन गावात चंद्रहास नावाचा इंजिनिअर राहायचा. नोकरी संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांची, वेड माझ्यासारख्या गाड्यांचं. मिरजेला त्याच्या वडिलांच्या गॅरेजात अशा गाडीचं कॅलेंडर होतं. वर्ष संपून गेलं तरी वडिलांनी ते कधी उतरवलं नाही. हे सगळं मला नंतर कळलं. गाडी दुरुस्त करताना माणसं फार बोलतात.

आइंडहोवनच्या जुन्या बाजारात चंद्रहासला एक फोटो मिळाला. कार्निव्हलची मिरवणूक, मी, आणि मागे चर्चचा मनोरा. पाठीमागे ना नाव ना गाव. तो मनोरा शोधत या बाबाने दोन वर्षं दर रविवारी सायकलवरून गावंच्या गावं पालथी घातली. डब्यात थालीपीठ भरून देताना त्याची बायको विशाखा म्हणायची, "सवत आणायची तर आण, पण पन्नाशी उलटलेली?"

शेवटी एका गावात मनोरा जुळला. तिथल्या बेकरीवाल्याने फोटो पाहिला आणि सरळ ट्रूसच्या घराकडे बोट दाखवलं. ताडपत्री उचलल्यावर चंद्रहासने आधी खिशातल्या रुमालाने माझा एक दिवा पुसला.

ट्रूस आता शहाऐंशीची झाली होती. नोव्हेंबरात ती शेत सोडून वृद्धाश्रमात राहायला जाणार होती. तिचा भाचा रॉब याने माझ्यासाठी एक संग्राहक गाठला होता. त्याला हवी होती कारखान्यातल्या मूळ रंगाची, कुणाचा हात न लागलेली गाडी, काचेमागे उभी करायला.

ट्रूस चंद्रहासला म्हणाली, "तो येईल तेव्हा येईल. तोवर तू हिला चालू करून दाखव. मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय. मग बघू कुणाला द्यायची ते."

मग चंद्रहासने दर शनिवार माझ्यापायी घालवला. वायरी बदलल्या, कार्बोरेटर उघडून साफ केला. रंगाला मात्र पॉलिशचं बोटही लावू दिलं नाही. "मूळ रंग आहे, आजी. पुन्हा मिळायचा नाही," असं तो दहादा बजावायचा.

दसऱ्याच्या दुपारी मी खोकले, ढीगभर धूर सोडला आणि चालू झाले. ट्रूस काठी धरून दारात उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. चंद्रहासचं तर भानच हरपलं. दसऱ्याला गाडी सुरू झाली आणि पूजा नाही, असं कसं चालेल? विशाखाने झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला. या देशात स्वस्तिक नको, एवढं शहाणपण चंद्रहासला होतं, म्हणून त्याने ओल्या कुंकवाने माझ्या बॉनेटवर ठसठशीत 'श्री' काढला. खरं सांगते, मला फार आवडलं. जन्मात कुणी मला ओवाळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुसायला गेला, तर 'श्री' निघेना. जुना रंग तो, त्यात कुंकू पार मुरलं होतं.

चंद्रहासने हातातलं फडकं खाली टाकलं. "दुसऱ्यांना बोट लावू दिलं नाही, आणि मीच माती खाल्ली."

"वरून रंग मारता येईल ना?" विशाखाने विचारलं. "संग्राहक बुधवारी येतोय."

"येईल. पण मग आजींना फसवल्यासारखं होईल." तो तसाच ट्रूसकडे जाऊन सगळं सांगून आला. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बुधवारी तूही ये."

बुधवारी संग्राहक भिंग घेऊन वाकला आणि लगेच सरळ झाला. "हे काय?"

"पूजेचं कुंकू. चूक माझी आहे," चंद्रहास म्हणाला.

"मग ही माझ्या कामाची नाही." तो गेलासुद्धा.

रॉब तापला. "मावशी, या माणसाने गाडीची वाट लावली."

ट्रूसने डागावरून बोट फिरवलं. "वाट मी लावली, रॉब. सव्वीस वर्षं जपते जपते म्हणत अंधारात कोंडून ठेवली. आणि मी त्या नव्या घरी तुझ्या गाडीतून जाणार नाही. मला चंद्रा सोडेल, हिच्यातून."

नोव्हेंबरातला तो दिवस थंड पण लख्ख होता. चंद्रहास छत लावायला निघाला, तर ट्रूस म्हणाली, "राहू दे उघडं." विशाखाने तिला दोन शाली गुंडाळल्या. दहा मिनिटांची वाट होती. "लांबून घे," असं सांगत सांगत तिने तासभर फिरवलं. दारात पोचल्यावर तिने माझी किल्ली काढली आणि चंद्रहासच्या हातात ठेवली. "आता ही तुझी. दर शनिवारी मला फिरायला न्यायला यायचं. बंद पडली तर ढकलत आण."

आम्ही दर शनिवारी गेलो. पाऊस असला तरी गेलो. मार्चमध्ये एका सकाळी तिथून फोन आला, की आता येऊ नका.

मित्रांनो, आम्हाला एकोणीस शनिवार मिळाले. सव्वीस वर्षं मी तिच्या घरापासून वीस पावलांवर उभी होते. तुमच्याकडेही काही जपून, झाकून ठेवलेलं असेल, तर ते आजच बाहेर काढा आणि वापरा. डाग पडले तर पडू द्या.