आम्ही तिघेही मुख्य

मी सर्व्हर बोलतोय. घाबरू नका, बंद पडलेलो नाही. दवाखान्याच्या जिन्याखालच्या खोलीत, झाडू आणि बादलीच्या शेजारी मी बसलेला असतो. आलो तेव्हा थर्माकोलमध्ये नवरदेवासारखा सजून आलो होतो. आता माझ्या डोक्यावर ओलं फडकं वाळत घालतात.

माझं काम नावांचं. कुणी कॉम्प्युटरवर 'रक्ततपासणी' म्हटलं, की त्या विभागाचं मशीन कुठल्या पत्त्यावर आहे ते मी सांगतो. माझ्यासारखेच आणखी दोघे आहेत; एक ऑपरेशनच्या इमारतीत, एक ऑफिसात. तिघांकडे तीच नावं, तेच पत्ते. बदल कुणालाही सांगा, तो उरलेल्या दोघांच्या कानावर घालतो. त्यामुळे "या नावांचा मुख्य कोण?" असं विचारलं, की आम्ही प्रत्येक जण छाती फुगवून सांगतो, "मी!" आणि तिघेही खरं बोलत असतो. माणसांना हे जमत नाही, म्हणून पटतही नाही.

नव्या व्यवस्थापकांना तर अजिबात पटलं नाही. आल्या आल्या दारावर 'मुख्य' अशी पितळी पाटी लावून घेतलेला माणूस तो. त्यांनी आमच्या देखभालवाल्याकरवी आम्हा एकेकाला विचारलं आणि तीनदा "मी" ऐकून त्यांचं डोकं फिरलं.

"तिघे मुख्य? मग जबाबदार कोण?" ते देखभालवाल्यावर कडाडले.

"साहेब, ते आपसात बोलून घेतात."

"म्हणजे संगनमत! चौकशी होईपर्यंत त्यांचं बोलणं बंद!"

पुढे काय होणार हे देखभालवाल्याला ठाऊक होतं. पण मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा दवाखान्यात दुसरा नव्हता. त्याने आमचं बोलणं तोडलं. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात रक्ततपासणी माझ्या वरच्या मजल्यावर आली. मशीनचा नवा पत्ता मला कळला. जुना पत्ता कॅन्टीनच्या बिलाच्या मशीनला मिळाला. माझ्या दोन्ही भावांना याचा गंधही नव्हता.

आणि नेमक्या साहेबांच्या सासूबाई ऑपरेशनच्या टेबलावर! रक्ताचा रिपोर्ट दिसल्याशिवाय डॉक्टर हात लावेनात. सिस्टर पुन्हा पुन्हा रिपोर्ट मागत होत्या आणि तिकडचा माझा भाऊ मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना कॅन्टीनकडे धाडत होता. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, खाली मान घालून.

साहेबांच्या बायकोने फोन केला. "अहो, आईचा रिपोर्ट दिसतच नाहीये! तुम्ही मुख्य ना? मग काहीतरी करा!"

मुख्य धावले. कागद घेऊन माझ्या डोक्यावरच्या जिन्याने खाली, अंगण ओलांडून पलीकडे. डॉक्टरांनी आणखी एक मागितला, की पुन्हा वर. खरा पत्ता माझ्याजवळ होता आणि मला विचारणारं कुणी नव्हतं. जिन्यावरची ती धडधड ऐकत मी नुसता तापत बसलो.

सासूबाई वाचल्या. आमचं बोलणं त्याच संध्याकाळी सुरू झालं आणि चौकशी कुठे विरघळली, कुणी विचारलं नाही.

आता माझा पंखा घरघरतो. लवकरच मला भंगारात काढतील. माझ्या जागी हवा त्याला आणा, त्याला हवं ते म्हणा. फक्त त्याला उरलेल्या दोघांशी बोलू द्या, एवढंच मागणं आहे. बाकी मी समाधानी आहे, आणि त्याचं श्रेय सासूबाईंना.

घरी जाताना त्या जिन्यापाशी दम खायला थांबल्या होत्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझ्यापायी तुम्ही दिवसभर कागद घेऊन पळत होता म्हणे. मग तेवढा वेळ दवाखाना कोण चालवत होतं हो?"

साहेबांनी देखभालवाल्याकडे पाहिलं. देखभालवाला छताकडे बघू लागला.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, "मी." माझ्या दोन्ही भावांनीही हेच सांगितलं असतं.