काळ्या मालाच्या टेबलावर

"या टेबलावर नाक जातं, पोरी. आणि ज्याचं जातं तो सगळ्यात शेवटी कबूल करतो. तुझ्या नणंदेला इथं बसू देऊ नकोस."

आमच्या कारखान्यात काळा माल, म्हणजे काळं प्लॅस्टिक, निवडणारे जुने कारागीर नोकरी सोडून निघाले, तेव्हा फाटकाशी मला थांबवून एवढंच म्हणाले. म्हातारबांना चहातसुद्धा खोट दिसायची, म्हणून मी हसले आणि "बघते हं" म्हणून पुढे गेले. त्यांची जागा वन्संना मिळत होती. नवरा गेल्यापासून वन्सं आमच्याकडेच राहायच्या, आणि भावाच्या घरात फुकटचं खाते असं त्यांना कुणी म्हणण्याआधीच त्या स्वतः दिवसातून दोनदा म्हणून घ्यायच्या. पक्की नोकरी लागली तेव्हा त्या ताठ मानेने जेवायला बसल्या. म्हातारबांचं बोलणं मी घरी सांगितलंच नाही.

आमचा कारखाना जुन्या प्लॅस्टिकचा. एका दाराने बाटल्या, खोकी, पट्ट्या, झिजलेल्या बुटांचे तळवे असं सगळं आत यायचं आणि दुसऱ्या दाराने दाणा होऊन बाहेर पडायचं. जाडाभरडा दाणा बुटांच्या तळव्यांना जायचा. पॉलिस्टरचा चांगला दाणा शेजारच्या शेडमध्ये धागा व्हायचा आणि त्याच्या खेळाडूंच्या जर्सी शिवल्या जायच्या. माझा नवरा दाण्याच्या मशीनवर होता. माझ्याकडे रसायनशास्त्राची पदवी, म्हणून मी तपासणीच्या खोलीत. तयार दाणा वितळवायचा, रंग बघायचा, सही करायची.

रंगीत माल ओळखायला पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. तुकड्यावर रोखलं की पडद्यावर नाव उमटायचं. काळ्या मालासमोर मात्र ते आंधळं. काळा रंग त्याचा सगळा उजेड पिऊन टाकायचा आणि पडदा कोराच राहायचा. म्हणून काळा माल माणसांनी ओळखायचा. एका टेबलावर समोरासमोर दोघी बसायच्या. एकीने लायटरने तुकड्याची कड पेटवायची, फुंकून विझवायची, आणि धूर दोघींनी हुंगायचा. गोडसर वास आला तर पॉलिस्टर, ते निळ्या पिंपात. नाकात सुई टोचल्यासारखं झालं तर पीव्हीसी, ते लाल पिंपात. ज्योतीच्या रंगावरूनही थोडं कळायचं, पण नरम मालात तेलं इतकी घातलेली असतात की ज्योत फसवते. शेवटचा शब्द नाकाचा. दोघींचं तोंड वाकडं झालं की लाल पिंप. लाल पिंपातला माल चुकून निळ्यात गेला तर धाग्याच्या मशीनच्या उष्णतेला तो जळतो, आंबट विषारी धूर सोडतो आणि सगळा घाणा नासवतो.

वन्संच्या समोर जी बसायची तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसून नोकरी करते यावर तिच्या घरच्यांचाही विश्वास नव्हता. दोघींची चांगली गट्टी जमली. वन्सं म्हणायच्या, लग्नाच्या नवऱ्याचं तोंड मी इतकं निरखून बघितलं नाही जितकं हिचं बघते.

वन्सं सकाळच्या पाळीला जायच्या, मी दुपारच्या. मधल्या वेळेत आमची चिमणी एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जायची. चिमणीची छाती पहिल्यापासून नाजूक. जरा धूळ उडाली की घरघर सुरू, आणि मग तोंडाला वाफेचा मास्क लावून बसायचं. त्यामुळे मी वास, धूर, धूळ सगळ्यावर नजर ठेवून असायची. नवरा मला घरातली पहारेकरीण म्हणायचा. मला काही गोष्टी खटकत होत्या. वन्संच्या कडेवर चिमणीचा लंगोट भरलेला असायचा आणि त्या खुशाल तिला खेळवत असायच्या. आमटी करपली तरी त्या हलायच्या नाहीत. मला वाटलं, दमतात बिचाऱ्या.

एका संध्याकाळी पाळी लवकर सुटली. जिन्यातच मला गॅसचा वास आला. कुठल्या तरी घरात असेल म्हणत वर चढत गेले तर तो वाढतच गेला आणि आमच्या दाराशी सगळ्यात जास्त. दार ढकललं. खिडक्या बंद, कारण चिमणीला वारा लागू नये. शेगडीवर दूध उतू गेलेलं, बटण उघडं, खाली ज्योत विझलेली. आणि वन्सं जमिनीवर बसून चिमणीला गाणं म्हणत होत्या. त्यांच्या हातात लायटर होता. कामावरचा लायटर त्या कमरेला खोचूनच घरी यायच्या, आणि चिमणी रडायला लागली की ज्योत दाखवून तिला हसवायच्या. चिमणी रडायच्या बेतात होती.

मी आधी लायटर घेतला. मग बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, पोरीला उचलून गॅलरीत नेलं. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"वन्सं, तुम्हाला वास आला नाही?"

त्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी सांगितलं ते असं. वास जाऊन बरेच दिवस झाले होते. आधी कढईतल्या फोडणीचा गेला, मग साबणाचा, मग चिमणीच्या डोक्याचा. म्हणाल्या, बाकी सगळं गेलं ते गेलं, पण पोरीच्या टाळूचा तरी राहायला हवा होता.

मी विचारलं, मग टेबलावर कसं करता?

"भिंगरीचं तोंड बघून," त्या म्हणाल्या. "तिने नाक मुरडलं की मी मुरडते. तिचं नाक पक्कं आहे गं. कुणाचं नुकसान होत नाही. तू तेवढं सांगू नकोस. तुझ्याकडे डिग्री आहे. माझ्याकडे एवढंच होतं."

मी काही कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून चिमणीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि भिंगरीला गाठायला सकाळीच कारखान्यात गेले. वन्सं पाणी प्यायला उठल्या तेवढ्यात मी भिंगरीला हळूच सांगितलं की त्यांना हल्ली वास येत नाही, जरा सांभाळून घे, माल तू एकटीने नीट बघ, तोवर मी त्यांच्यासाठी दुसरं काम बघते.

भिंगरीच्या हातातला तुकडा तसाच धुमसत राहिला.

"तिला वास येत नाही?" ती म्हणाली. "मग मी इतके दिवस कुणाचं तोंड बघतेय?"

मला हसू फुटलं. आजही आठवलं की आधी हसूच येतं. दोघींची नाकं कधीच गेली होती. दोघीही समोरचीवर विसंबून तोंड वाकडं करत होत्या. एखादीचा नुसता शिंकेमुळे चेहरा हलला तरी दुसरी मुरडायची, मग पहिलीची खात्री पटायची. लाल पिंपात काय गेलं आणि निळ्यात काय, ते देवालाच ठाऊक. थोडी भेसळ काळ्या दाण्यात माझ्या तपासणीलाही दिसायची नाही.

मी तशीच धावत मॅनेजरकडे गेले आणि निळ्या पिंपाचा माल थांबवा म्हणाले. कारण विचारलं तेव्हा वन्संचं नाव घ्यावं लागलं. पण सकाळचा घाणा मशीनवर चढून गेला होता. आमचं बोलणं चालू असतानाच धाग्याच्या शेडमधून माणसं तोंडाला फडकी लावून बाहेर यायला लागली. मशीनमधून मऊ काळ्या धाग्याऐवजी तपकिरी, ठिसूळ, बुडबुड्यांची तार निघत होती आणि बोट लावलं की तुटत होती. त्या धुराने मशीनची आतली बाजू खाल्ली ती कायमची.

जर्सीवाल्यांनी माल घेणं बंद केलं. धाग्याची शेड बंद झाली, पाठोपाठ दाण्याचं एक मशीन, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. त्या दोघींना तर त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं. मॅनेजर म्हणाला, नाक नसलेल्या माणसांना मी नाकाचा पगार देत होतो. आजूबाजूचे हसले. वन्संही हसल्या, सवयीने, समोरच्यांची तोंडं बघून.

घरी मी त्यांना एकच सांगितलं. तुम्ही इथंच राहा, पण चिमणीला यापुढे तुमच्याजवळ एकटी ठेवणार नाही. यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. आज वेळ आली तरी मी हेच सांगेन. त्या म्हणाल्या, बरोबर आहे तुझं, आईने असंच असावं. त्यानंतर चिमणी हात पसरून त्यांच्याकडे झेपावली की त्या दोन्ही हात पाठीमागे नेऊ लागल्या. माझ्या नवऱ्याला ते बघवेना. काही दिवसांनी वन्संनी आपली पिशवी भरली. भिंगरीने भंगारगल्लीत खोली घेतली होती आणि बुटांच्या तळव्यांचं काम घरी मिळत होतं. काळे तळवे निवडून द्यायचे. निवडायचे कसे, तर तसेच, पेटवून. गोण्या घरी आणून देणारा नाकाची चौकशी करत नाही, आणि माल चुकला तर पुढच्या खेपेला गोणी दुसऱ्याला देतो. शेजारी धुराबद्दल भांडतात म्हणून दार-खिडकी लावून घ्यायची.

नवऱ्याला काम लागलं ते फार लांब, आणि आम्ही निघालो. आता भिंगरीलाही तिचा मुलगा घेऊन गेला, कारण तिला खोकल्यातून रक्त पडायला लागलं. वन्सं त्या खोलीत एकट्या आहेत. नवरा एकदा जाऊन आला. त्यांनी हौसेने चहा केला. दूध नासलेलं होतं. त्याने पूर्ण कप संपवला, आणखी मागितला आणि परत आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आमच्याकडे या म्हटलं तर त्या म्हणतात, चिमणी मोठी होऊ दे, मग येईन. फोन आधी वाजायचा तरी. आता तोही लागत नाही. नवऱ्याला रजा नाही. चिमणीला घेऊन त्या गल्लीत मी जाऊ शकत नाही, तिथल्या हवेत तिचा श्वास टिकायचा नाही. या नव्या गावात तिला ठेवू कुणाकडे, तर ठेवण्यासारखं माणूस एकच होतं.

म्हणून हे लिहिलं. जिथं भंगार निवडतात तिथं अशी गल्ली असतेच, तुमच्या घरापासूनही ती फार लांब नसेल. तळमजल्यावर एक बंद खिडकी असेल, दाराबाहेर काळ्या तळव्यांच्या गोण्या आणि फटीतून येणारा धूर. आत एक बाई असेल. ती वन्सं नसली तरी चालेल. दार वाजवा आणि थोडं थांबा, तिला उठायला वेळ लागतो. ती म्हणेल, मी बरी आहे. ते खरं धरू नका. आत जा, तिची खिडकी उघडा, आणि गॅस बंद आहे ना ते तुमच्या नाकाने बघा.